फुटलेल्या पेशींचा रस

१८९६ सालचा शरद ऋतू. म्युनिकच्या हायजीन इन्स्टिट्यूटमध्ये तुम्ही बाह्या सारून उभे आहात. समोरच्या मोठ्या खलात किलोभर यीस्ट, तेवढीच क्वार्ट्‌झची वाळू आणि पाव किलो किसेलगुर, म्हणजे डायटम शैवालांच्या कवचांची भुकटी. किसेलगुर मिसळायची युक्ती मार्टिन हानची. बत्ता तुमच्या हातात.

घोटत राहा. आधी नुसती करकर. मग हळूहळू मिश्रण ओलसर होतं, मळलेल्या कणकेसारखा गोळा जमतो. पाणी तर अजून कुणी घातलेलंच नाही! हा ओलावा पेशींच्या आतला आहे. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी एकेक पेशी. तिची भित्तिका वाळूने फुटली, आतलं पटल फाटलं आणि पेशीद्रव्य बाहेर आलं. ‘पेशीद्रव्य’ हा शब्द पुस्तकात कितीदा वाचला असेल, आज तो बोटांना लागतो आहे.

आता थोडं पाणी घालून गोळा फडक्यात बांधा, चक्का बांधतात तसा, आणि दाबयंत्रात ठेवा. चारशे-पाचशे वातावरणांचा दाब. थेंब थेंब करत पिवळसर रस उतरतो, यीस्टच्या वासाचा.

हान्स बुखनरना हा रस औषधी प्रयोगांसाठी हवा आहे, पण तो टिकत नाही. म्हणून त्यात भरपूर साखर घालतात. मुरांबा टिकतो तो याच गुणाने. सुट्टीत आलेला त्यांचा धाकटा भाऊ एडुआर्ड बाटलीकडे पाहतो आणि थबकतो. रसातून बुडबुडे येताहेत.

त्याचं थबकणं समजून घ्या. किण्वन म्हणजे जिवंत पेशीचंच काम, असं लुई पाश्चर ठामपणे सांगत आले. त्यांना जाऊन जेमतेम वर्ष झालंय. आणि इथे पेशी फोडून, पिळून, गाळून टाकल्यात, तरी काम चालूच आहे.

तुम्हाला कारण ठाऊक आहे. रसातलं एक विकर उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग करतं. ग्लुकोजच्या सहा कार्बनी रेणूचे दहा पायऱ्यांत पायरुव्हेटचे दोन तीन-कार्बनी रेणू होतात, पदरात एटीपीचे दोन रेणू पडतात. मग कार्बन डायऑक्साइड सुटतो, अल्कोहोल उरतं. पायरी बदलली की विकर बदलतं. एडुआर्ड या साऱ्यांना मिळून एकच नाव देणार आहे: झायमेज. जानेवारी १८९७मध्ये तो निबंध पाठवेल, १९०७मध्ये त्याला नोबेल मिळेल. पण आत्ता त्याला काही सांगू नका. हे त्याचं त्यालाच उमगू द्या.

थोडा रस वेगळा काढून चांगला तापवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा तो गोठतो. विकरं ही प्रथिनंच. त्यांच्या घड्या उलगडल्या. आता यात कितीही साखर घाला, बाटली गप्प.

शेजारची बाटली फसफसते आहे. एडुआर्ड तिच्यापासून हलत नाही.