हस्तचलित गणकयंत्रांचा संग्रह : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

भद्रावती म्हटले की विजासनची बौद्ध लेणी आणि जैन मंदिर प्रथम आठवते. याच परिसरात चांदा आयुध निर्माणी आणि माजरीच्या कोळसा खाणी आहेत; पण स्थानिक इतिहासाच्या लेखनात त्यांना क्वचितच स्थान मिळते. पाषाणातील अवशेषांच्या रक्षणासाठी कायदा आहे. कचेऱ्या, कारखाने आणि महाविद्यालये यांतील जुनी यंत्रे मात्र जडवस्तू संग्रह नोंदवहीतून निर्लेखित होतात आणि वजनावर भंगारात जातात. हाताने फिरवावयाचे गणकयंत्र ही अशीच एक वस्तू होय. तिच्या संग्रहाचा इतिहासलेखनाला कोणता उपयोग होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्र येण्यापूर्वी आकडेमोड हे माणसाचे काम होते. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन यांचे १८२३ मध्ये शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे निधन झाले. त्या सर्वेक्षणात 'कॉम्प्युटर' हे माणसाचे पदनाम होते. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये त्याच पदावर रुजू झाले. युरोपात थॉमस द कोल्मार यांनी १८२० मध्ये आपल्या यंत्राचे एकस्व घेतले. पुढे ओढनर यांची दातेरी चाकांची रचना रूढ झाली आणि तीच स्वीडनच्या फॅसिट यंत्रात सुधारून वापरली गेली. भारतातील संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळांत फॅसिट दीर्घकाळ परिचित होते.

त्याचे कार्य समजण्यास सोपे आहे. २३४ ला २३ ने गुणावयाचे असल्यास हँडल तीन वेळा फिरवावयाचे, एक स्थान सरकवावयाचे आणि पुन्हा दोन वेळा फिरवावयाचे. भागाकारात वजाबाकी शून्याखाली गेली की घंटी वाजते. मग एक फेरा उलट द्यावयाचा. भागाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली वजाबाकी, हे फळ्यापेक्षा या घंटीने अधिक चांगले शिकविले असेल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरा प्रश्न चलनाचा आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. या व्यवहारासाठी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे तोंडपाठ असत. दशमान यंत्रावर मात्र सात आणे सहा पै म्हणजे ०.४६८७५ रुपये असा अवघड आकडा मांडावा लागे. म्हणून आणे-पैचे स्वतंत्र रकाने असलेली बेरीज यंत्रेही बनविली गेली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि त्या रकान्यांचे प्रयोजन संपले. पाढे मागे पडले ते केवळ शिक्षणपद्धती बदलल्यामुळे नव्हे. रुपयाचे भाग बदलले हेही त्यामागील एक कारण होते. दशमान यंत्रांनाही हे सुख फार काळ लाभले नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये 'अनिता' हा इलेक्ट्रॉनिक गणक बाजारात आला आणि १९७० च्या दशकात हँडलचे युग सरले.

दैनंदिन वस्तूंच्या संग्रहाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि त्यातून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. अडकित्त्यावर नक्षी असते, म्हणून तो पाहणाऱ्याला आपोआप थांबवितो. काळ्या वा करड्या रंगाच्या कचेरीतील यंत्राला ते भाग्य नाही.

शिवाय हौशी संग्राहक आणि इतिहासकार यांच्या अपेक्षा येथे परस्परविरोधी ठरतात. संग्राहकाला दुर्मिळ नमुना, चकचकीत पृष्ठभाग आणि सुरळीत फिरणारे हँडल हवे असते. त्यासाठी वाळलेल्या वंगणासह अडकलेले यंत्र बळाने फिरविले जाते आणि दाते तुटतात. इतिहासकाराला यंत्राचा निर्मिती क्रमांक, झिजलेली कळ आणि ते चालविणाऱ्या लिपिकाची वा प्रयोगशाळा साहाय्यकाची मुलाखत हवी असते. ही पिढी आता वृद्ध झाली आहे. यंत्राच्या बाजूवर पुष्कळदा पांढऱ्या तैलरंगात जडवस्तू नोंदवहीचा क्रमांक लिहिलेला आढळतो. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या वर्षी, किती किमतीस ते घेतले, याचा शोध त्या क्रमांकावरून नोंदवहीत घेता येतो. विक्रीपूर्वी यंत्र घासून स्वच्छ करताना सर्वप्रथम पुसला जातो तो हाच क्रमांक.