अर्बुद-मंडळातील रुग्णसहभाग

कर्करोगाची उपचारदिशा ठरविणाऱ्या बहुशाखीय वैद्यकीय बैठकीत (पहा : अर्बुद-मंडळ) संबंधित रुग्णास उपस्थित राहण्याची व मत मांडण्याची मुभा देणारी पद्धती. शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आदींनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, ही व्यवस्था इंग्लंड व वेल्समध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालातील शिफारशींनंतर दृढ झाली. तथापि ज्याच्या देहाविषयी तजवीज व्हावयाची, तो रुग्ण सामान्यतः बैठकीबाहेरच राहिला. जर्मनीत, विशेषतः नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातील काही स्तनकर्करोग केंद्रांत, रुग्णास प्रत्यक्ष पाचारण करण्याचा प्रघात आहे.

पडद्यावरील छायाचित्रे व ऊतिपरीक्षेचा अहवाल तपासून होणारी संपूर्ण चर्चा काही ठिकाणी रुग्ण ऐकतो, तर अन्यत्र ती आटोपल्यावर त्यास आत बोलावून निष्कर्ष सांगितला जातो व त्याच्या शंका ऐकल्या जातात. या दोहोंत पहिल्यासच खरा सहभाग म्हणता येईल.

स्तन राखणारी शस्त्रक्रिया की संपूर्ण स्तनोच्छेदन, यांसारख्या प्रश्नांत रुग्णाची पसंती, सहव्याधी, उपजीविका व घरची परिस्थिती या ज्या बाबी कागदपत्रांतून क्वचितच उमटतात, त्या रुग्णमुखे थेट मंडळापुढे येतात, हे या पद्धतीचे मुख्य महत्त्व होय (पहा : सहनिर्णय, सूचित संमती). प्रत्येक प्रकरणास मिळणारी मोजकी मिनिटे, दुर्बोध परिभाषा, रुग्णाची चिंता व तज्ज्ञांच्या मोकळ्या मतभेदास बसणारा आळा, हे प्रमुख आक्षेप आहेत. भारतातील बहुशाखीय व्यवस्थेचे उदाहरण म्हणजे, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) रोगनिहाय बहुशाखीय गट कार्यरत आहेत.