शिकवायला आलेला टीव्ही

टीव्ही करमणुकीसाठीच निघाला, अशी माझ्या नातवंडांची समजूत. सरकारनं तो गावाला शिकवण्यासाठी आणला होता. नासाचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर 'साइट' प्रयोग चालला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं. भाषा हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड. महाराष्ट्र यादीतच नव्हता. उस्मानाबादला खेटून असलेल्या गुलबर्ग्यात मात्र संच बसले. १९५६ पर्यंत गुलबर्गा नि आमचं बीड एकाच हैदराबाद राज्यात, म्हणून हे मला जरा खुपतंच.

सामान साधं होतं. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, खाली सगळ्या गावाचा एक संच. सकाळी दीड तास पोरांसाठी, संध्याकाळी अडीच तास शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. वीज नव्हती तिथं काही संच बॅटरीवर चालले.

मुंबई दूरदर्शन १९७२ पासून सुरू होतं, पण त्याची लहर तेव्हा बीडला कुठली पोचायला! नारायणगडावरचं कीर्तन हीच आमची प्रौढशाळा. कीर्तनकार समोरचे चेहरे बघून दृष्टांत बदलतो. उपग्रहाला ते कसं जमावं?

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज केंद्रानं ही खोट ओळखली. गावकऱ्यांच्या अडचणी त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच तोंडून दाखवल्या. १९८४ मध्ये त्याला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. पुढं तिथला ट्रान्समीटर हलवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी विरोध केला.