वाघ्या घेवडा : मूळ आणि कूळ

१/ नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. बियाण्याचे मात्र दोन्ही शोधावे लागते आणि दोन्ही शोधांची उत्तरे बहुधा वेगवेगळी निघतात. आजचा धागा सातारा जिल्ह्यातील अशाच एका बियाण्याविषयी आहे : वाघ्या घेवडा.

२/ कृष्णाकाठच्या वाईहून आग्नेयेला निघावे. चंदन-वंदन हे जोडकिल्ले ओलांडले की कोरेगाव तालुका लागतो. तेथे खरिपात हा घेवडा पिकतो. लालसर दाण्यावर वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारख्या रेघा, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मराठी, माती मराठी, मानांकन साताऱ्याचे. मग हे पीक मूळचे इथलेच असणार, असे कोणालाही वाटेल.

३/ ते तसे नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वाघ्या घेवडा म्हणजे राजमा : फॅसिओलस व्हल्गॅरिस. या जातीची रानटी झाडे आजही मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात आढळतात. पेरूमधील गितारेरो गुहेत सापडलेल्या घेवड्याचे वय थेट कार्बनमापनाने चार हजार वर्षांहून अधिक ठरले आहे.

४/ या पिकाची लागवड अमेरिका खंडातही दोनदा, स्वतंत्रपणे सुरू झाली : एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा अँडीज पर्वतात. १९८०च्या दशकात दाण्यांतील प्रथिनांच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. २०१४ साली राजम्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा तिला दुजोरा मिळाला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच हे दाणे अटलांटिक ओलांडून बाहेर पडले.

५/ मग ‘घेवडा’ हा आपला जुना शब्द त्याला कसा लागला? हा शब्द आपल्याकडे वाल-पावट्याच्या कुळातील शेंगांसाठीही वापरला जातो. ती वनस्पती वेगळी : लॅब्लॅब पर्प्युरियस. ती दख्खनमध्ये फार प्राचीन आहे. ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांत वालाचे दाणे मिळाले आहेत. नवी शेंग आली, ती ओळखीच्या शेंगेसारखी दिसली आणि लोकांनी तिला ओळखीचे नाव दिले. श्रावणघेवडाही असाच. तो याच राजम्याच्या जातीचा, फक्त कोवळ्या शेंगांसाठी लावला जाणारा.

६/ दोन्हींतला फरक घरीच पाहता येतो. वालाच्या दाण्याच्या कडेवर लांबट, उठावदार पांढरी पट्टी असते. वाघ्याच्या दाण्याला पोटाच्या मध्यावर फक्त एक लहानसा लंबगोल डोळा असतो. नाव एक असले तरी दाणा आपली ओळख लपवत नाही.

७/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला हमखास फसवणारी एक जागा पाहू. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘राजमाष’ हा शब्द येतो. त्यावरून ‘राजमा भारतात दोन हजार वर्षांपासून आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ग्रंथांतील राजमाष म्हणजे चवळी, असे अभ्यासक मानतात. शब्द जुना आहे, पण त्या शब्दाआडची वस्तू बदलली आहे.

८/ लॅटिन नाव तरी निर्धोक असते का? तेही नाही. मूग, उडीद आणि मटकी ही आपल्याकडची जुनी कडधान्ये पूर्वी ‘फॅसिओलस’ याच प्रजातीत गणली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना ‘विग्ना’ या प्रजातीत हलवण्यात आले. त्यामुळे एखाद्या जुन्या अहवालात नुसते ‘फॅसिओलस’ आढळले, तर तो राजमा असेलच असे नाही. तेथे मूगही असू शकतो.

९/ दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांवर राजमाच मिळाल्याचे दावेही काही संशोधकांनी केले आहेत. बहुतेक तज्ज्ञ ते मान्य करत नाहीत. जळून कोळसा झालेल्या दाण्याची जात ठरवणे अवघड असते आणि समोर रानटी पूर्वजांचा, प्रथिनांचा व जनुकांचा एकमुखी पुरावा उभा आहे. दावा जितका मोठा, तितका त्याचा पुरावा भक्कम हवा.

१०/ याचा अर्थ लोकांनी दिलेली नावे नेहमी चुकतात असा नव्हे. टोमॅटोही अमेरिकेचाच. मराठीत त्याला ‘वेलवांगी’ म्हणत. १७५३ साली लिनीअसने टोमॅटो वांग्याच्याच ‘सोलॅनम’ प्रजातीत ठेवला होता. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने त्याची वेगळी प्रजाती केली. दोन शतकांहून अधिक काळानंतर जनुकीय पुराव्याने टोमॅटो पुन्हा वांग्याशेजारी आणून बसवला. वेलवांगी म्हणणाऱ्यांना हे नाते नुसत्या नजरेने दिसले होते.

११/ नावांचा हा गुंता सोडवण्याची एक शिस्तबद्ध रीत खुद्द वाईत घडली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथे चालले. पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील वनस्पतींवरची कोणतीही नोंद उघडा. आरंभी कंसात निरनिराळ्या भाषांतील नावे, मग लॅटिन नाव आणि शेवटी ‘कुल’. शेतातले नाव आणि शास्त्रातले नाव एकत्र बांधल्याशिवाय पुढचे वाक्य सुरू होत नाही.

१२/ हा दाणा इथवर कोणत्या वाटांनी येऊ शकला असता? अमेरिकेची अनेक पिके पोर्तुगीजांच्या व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. गोवा त्यांच्या ताब्यात १५१० मध्ये आला. दुसरी वाट वाईच्या डोक्यावरची. १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींकडून वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात इंग्रजांनी महाबळेश्वर घेतले. तेथील कारागृहातल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवले.

१३/ येथेही सावध राहावे. महाबळेश्वरचे मळे भाजीपाल्याचा पुरावा देतात, वाळवून साठवण्याच्या कडधान्याचा नव्हे. जवळची गोष्ट हीच कारण असते, असे समजणे ही इतिहासातली जुनी खोड आहे.

१४/ इथपर्यंत मुळाचा विचार झाला. आता कूळ. राजमा बहुतांशी स्वपरागित आहे. त्याचे फूल आपल्याच परागाने फळते. त्यामुळे वेगळ्या रेघांचा दाणा निवडून पेरला, तर त्याचे गुण पिढ्यान्पिढ्या टिकतात. भेसळ होते ती बहुधा खळ्यावर आणि पोत्यात. म्हणजे वाघ्या वेगळा उरला, तो दर हंगामात कोणीतरी बसून दाणे निवडले म्हणून. बियाणे निवडण्याचे हे काम घरोघर बहुधा बायकांनी केले. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्या श्रमाचा दस्तऐवज म्हणजे तो दाणाच.

१५/ म्हणून ‘वाघ्या परदेशी की देशी?’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्याची जात अमेरिकेची आहे. त्याचा वाण कोरेगावच्या शेतकऱ्यांनी सांभाळला आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिल्याने दुसऱ्याचा मान कमी होत नाही आणि दुसऱ्यासाठी पहिले झाकावे लागत नाही.

१६/ कायद्यातही हे दोन प्रश्न वेगळे आहेत. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो नाव आणि प्रदेश यांचे नाते राखतो. वाणाचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा २००१ चा. त्यात खुद्द शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होऊ शकते. ती करताना तो वाण इतरांहून वेगळा आहे, एकसारखा आहे आणि टिकाऊ आहे का, हे तपासले जाते.

१७/ हा फरक कागदापुरता नाही. आज ‘वरुण’सारखे सुधारित वाणही शेतात आले आहेत. जिथे उत्पन्न आणि भाव बरा, तिकडे शेतकरी वळणार. त्यात त्याचा दोष नाही. पण मानांकन नावाला मिळते आणि बियाणे पेरल्यानेच टिकते. पेरणारे थांबले, तर नाव यादीत राहील आणि रेघांचा तो दाणा मात्र नसेल.

१८/ तुमच्या आजोळी, गावी एखादे जुने बियाणे मडक्यात किंवा कणगीत राखेत घोळून ठेवले असेल, तर आजीला चार प्रश्न विचारा : याला काय म्हणता, कोणाकडून आणले, केव्हापासून पेरता, निवडताना काय पाहता? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, दाण्याचा फोटो काढा. आणि शक्य असेल तर यंदा एक ओळ तरी पेरा.