चिंचोक्याच्या खळीवरचे दशावतार

हस्तकलेच्या जत्रेत गेलो, की माझे पाय गंजिफांपाशी हमखास थांबतात. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. इराणी वळणाचा हा दरबारी खेळ आपल्याकडे रुळला आणि चक्क दशावतारी झाला! विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. असे 120 गोल पत्ते.

पुढे छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि सावंतवाडीत गंजिफा रंगवणारे हात बोटांवर मोजण्याइतकेच उरले. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी 1970च्या दशकात एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुण कारागीर बसवले. कला वाचली ती अशी, ऐन वेळी.

एकदा मलाही हुरूप आला. सामानाची यादी पाहून वाणी हसला : चिंचोके, खडूची पूड! कापड म्हणून घरातलं जुनं धोतर घेतलं. खळ शिजली, कापडाला लागली. पण माझा मत्स्य काही पोहेना. एका पत्त्यात आठवडा गेला, तोही वाकडाच.

तेव्हापासून जत्रेत मी घासाघीस करत नाही.