रिकाम्या तोफेचं कूळ

परक्या बंदरात शिरताना लढाऊ जहाजाने कसं वागायचं हे कधीचं ठरून गेलेलं आहे. यजमान देशाचा झेंडा डोलकाठीवर चढवायचा, खलाशांनी ठेवणीतल्या गणवेशात कठड्यालगत रांग धरायची आणि जिथे तशी सोय असेल तिथे 21 बार काढायचे. किनाऱ्यावरच्या तोफा तेवढेच बार परत करतात. मग कप्तानाने नगराध्यक्ष, बंदराचे अधिकारी यांना भेटून यायचं, जहाजाचं बोधचिन्ह कोरलेली लाकडी ढाल द्यायची-घ्यायची, एखादा फुटबॉलचा सामना खेळायचा आणि शेवटी गावातल्या पोराबाळांना जहाज बघायला खुलं करायचं. एवढं सगळं झालं की सदिच्छा भेट पार पडली.

ज्यांचं आरमार लहान, त्यांच्यासाठी तर हे फारच मोलाचं काम. आयर्लंडचं नौदल 1946 साली उभं राहिलं. त्याचा तळ कॉर्क बंदरातल्या हॉलबोलाइन बेटावर. हाच एके काळी ब्रिटिश आरमाराचा तळ होता. त्याच बंदरातले किल्ले 1938 मध्ये ब्रिटिशांनी आयर्लंडच्या हवाली केले. ‘एल. ई. एथ्ना’ ही या नौदलाची जेमतेम 80 मीटर लांबीची, पण मिरवण्याजोगी बोट. कॉर्कच्याच गोदीत बांधलेली, 1984 मध्ये सेवेत आली. दोनच वर्षांनी ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली. आयरिश नौदलाच्या जहाजाने तो महासागर ओलांडण्याची ती पहिली वेळ. 2006 मध्ये ती थेट ब्युनोस आयर्सला पोचली. तिथे जायला कारणही खासं होतं. अर्जेंटिनाच्या आरमाराचा संस्थापक अ‍ॅडमिरल विल्यम ब्राऊन हा मूळचा आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या फॉक्सफर्डचा. जग जिंकायला निघालेल्यांना असलं नातं शोधायला सवड नसते. चार-दोन बोटी बाळगणाऱ्यांना ती असते. 2022 मध्ये एथ्ना निवृत्त झाली.

या सगळ्या शिष्टाचारात सर्वांत जुनी गोष्ट सलामीची, आणि तिचं मूळ सदिच्छेत मुळीच नाही. ते आहे निखळ अविश्वासात. जुन्या तोफा तोंडातून भराव्या लागत. एकदा बार उडाला की नळी पुसणं, दारू ठासणं, गोळा सारणं यात बराच वेळ जाई. म्हणून परक्या किल्ल्याजवळ येणारं जहाज आपल्या तोफा समुद्राकडे उडवून रिकाम्या करून दाखवी. आता आमच्या हाती काही नाही, बघा, असं त्याचं सांगणं. किल्लाही आपल्या तोफा तशाच रिकाम्या करी. दोघंही निःशस्त्र झाले की बोलाचालीला सुरुवात. भाल्याचं टोक खाली करणं, तलवार म्यान करणं यांचंच हे समुद्रावरचं भावंड.

आकड्यांची कथाही मजेची आहे. जहाजाने 7 बार काढायचे आणि किनाऱ्याने त्याच्या तिप्पट, अशी जुनी चाल सांगितली जाते. समुद्राच्या दमट हवेत दारू टिकत नसे आणि जमिनीवर तिचा साठाही मोठा, असं त्याचं कारण देतात. पुढे दारू सुधारली, जहाजंही 21 वर आली. बार नेहमी विषम. सम बार शोकाचे मानत. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेने मात्र आधी वेगळाच हिशेब धरला होता. जितकी राज्यं तितके बार. 1810 मध्ये ते 17 होते. राज्यं वाढत गेली आणि शेवटी तो नाद सोडावा लागला, नाहीतर आज 50 बार मोजत बसावं लागलं असतं.

पण रिकाम्या तोफेत लवकरच मानपान भरला गेला. आधी कोणी उडवायची? परत किती बार द्यायचे? इंग्लंडचा आग्रह असा, की आपल्या समुद्रात येणाऱ्या प्रत्येक परक्या जहाजाने आधी झेंडा उतरवून मुजरा करावा. मे 1652 मध्ये डोव्हरसमोर डच सेनानी ट्रॉम्पने त्यात चालढकल केली. इंग्रज सेनानी ब्लेकने इशाऱ्याचे बार काढले, आणि बघता बघता लढाई जुंपली. पाठोपाठ इंग्रज-डचांचं पहिलं युद्ध सुरू झालं. 1654 च्या तहात डचांनी इंग्रजी झेंड्याला सलामी देण्याचं कलम मान्य केलं. मैत्रीची खूण म्हणून जन्मलेल्या गोष्टीचं असं होऊन बसलं.

उलट बाजूही आहे. 16 नोव्हेंबर 1776 रोजी ‘अँड्र्यू डोरिया’ हे बंडखोर अमेरिकेचं जहाज कॅरिबियनमधल्या सिंट युस्टेशियस या डच बेटावर आलं. त्याच्या सलामीला किल्ल्याने 11 बारांनी उत्तर दिलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेव्हा अवघा चार महिन्यांचा. परक्या किल्ल्याने त्या राष्ट्राची दखल घेतली ती अशी, धुराच्या लोटांत. ब्रिटनने हे विसरायचं नाकारलं, आणि 1781 मध्ये अ‍ॅडमिरल रॉडनीने ते बेट धुऊन नेलं. पुढे अक्कल आली. 1875 मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी बाराला बार हे तत्त्व मान्य केलं. राष्ट्र केवढंही असो, 21 म्हणजे 21.

आता हे सगळं समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर सोलापुरात कशाला सांगायचं? शहरातून अक्कलकोटच्या दिशेने निघालं की एमआयडीसी लागते. यंत्रमागांची खडखड, टेरी टॉवेलचे गठ्ठे, चादरी, तेलुगूत चाललेल्या गप्पा. इथला माल न्हावाशेव्याहून जहाजात चढतो, इतकाच इथल्या माणसाचा समुद्राशी संबंध. पण या रस्त्याला ज्या गावाचं नाव आहे, ते गाव सलामीच्या कुळकथेत फार नेमक्या जागी बसतं.

इंग्रजांनी जहाजावरची ही रीत हिंदुस्थानात जमिनीवर आणली आणि तिची उतरंड केली. बादशहाला 101 बार, व्हाइसरॉयला 31. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि काश्मीर यांना 21. कोल्हापूरला 19, जंजिऱ्याच्या सिद्दीला 11, सावंतवाडी, भोर, सांगली यांना 9. अक्कलकोटला शून्य. हे संस्थान काही आडवाटेचं नव्हतं. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येताना पारद गावी लढाई झाली, तेव्हा तिथल्या पाटलाचा लहान मुलगा त्यांच्या पदरात घातला गेला. महाराजांनी त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं आणि मुलासारखा वाढवला. अक्कलकोटचं भोसले घराणं ते त्याचं. थेट छत्रपतींच्या मांडीवर वाढलेलं हे घराणं इंग्रजांच्या कोष्टकात एका बारालाही पात्र ठरलं नाही.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. 1921 मध्ये संस्थानिकांची सभा म्हणून नरेंद्र मंडळ स्थापन झालं, तेव्हा 108 राजांना स्वतःची जागा मिळाली. 11 किंवा त्याहून जास्त बार असलेले त्यात आपोआप आले. उरलेल्या 127 छोट्या संस्थानांनी मिळून 12 प्रतिनिधी पाठवायचे. म्हणजे सभेत बसायचं की नाही हे बऱ्याच अंशी तोफेवर ठरायचं. राजेरजवाडेही या खेळात रमले. एखाद-दोन बार वाढवून मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं खटपटी चालत. सरकारसाठी याहून स्वस्त लगाम नव्हता. खर्च फक्त दारूचा, तीही बिनगोळ्याची.

आयर्लंड आणि अक्कलकोट एकाच साम्राज्याच्या छायेत होते. आयर्लंड सार्वभौम झाला आणि त्याच्या झेंड्याला ब्रिटनइतकेच 21 बार मिळू लागले. कोष्टकातल्या राजांना तसलं काही मिळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे प्रत्येक आकडा वरून खाली मोजलेला होता. माझं मत विचाराल, तर बरोबरीची सलामी हीच खरी सलामी. जी कमी-जास्त होते तिला मुजरा म्हणावं. अक्कलकोट 8 मार्च 1948 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि सारे मानमरातब गेले. राष्ट्रपतींना आधी व्हाइसरॉयसारखे 31 बार दिले जात, तेही 21 वर आले. प्रजासत्ताक दिनी हे 21 बार राष्ट्रगीताच्या 52 सेकंदांत बसवतात. 2023 पासून ते ब्रिटिश 25 पौंडी तोफांऐवजी भारतीय बनावटीच्या 105 मिलिमीटर तोफांतून सुटतात.

स्वामी समर्थांच्या दर्शनाला एमआयडीसीवरून रोज शेकडो गाड्या जातात. दर्शन झालं की अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालयही बघून या. ज्या घराला एका बाराचाही मान नव्हता, त्या घराने हत्यारं किती हौसेने जमवली होती ते कळेल.