एकाच कात्रीची फुले

खरवईत आमच्याकडे सणाची फुले घरीच होत. पतंगाच्या कागदाची घडी घालायची, पाकळ्या कापायच्या, गव्हाच्या पिठाची खळ लावायची, देठाला तार. १९८६ साली मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा अम्मीने ताबुताची आणि शेजारच्या मखराची फुले एकाच बैठकीत केली. कुठले फूल कुणाचे, हे कुणी विचारले नाही.

मराठी मुलखात कागदाचे नातेही असेच जुने. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी नेली. तिथल्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कागजी हाताने कागद करीत आले. दौलताबादी कागदावर पेशवाईतले हिशेब लिहिले गेले.

पुढे थर्माकोलने फुलांना मागे टाकले. २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि योग असा, की त्याच वर्षी हे दोन्ही सण पुन्हा एकत्र आले. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे असा योग बत्तीस-तेहतीस वर्षांनी येतो. पुढच्या खेपेला फुले कापणारे हात हवेत, तर ती आज मुलांना शिकवावी लागतील.